समुद्र नसलेल्या गावचे पोर्टमास्तर

उघडी वस्तू दिसली की ती का उघडी आहे, हे विचारल्याशिवाय पोर्टमास्तर पुढे सरकत नसत. कँटीनमधल्या लोणच्याच्या बरणीचं झाकण असो, जिन्याखालच्या मीटरपेटीचं दार असो नाहीतर खुद्द साहेबांच्या केबिनची खिडकी असो. "ह्ये कशापायी उघडं हाय?" असं ते थांबून विचारायचे. त्यात टोमणा नसायचा. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं असायचं. समोरच्यानं कारण सांगितलं आणि ते पटलं, तर "मग ऱ्हाऊ दे की" म्हणून पुढे जायचे. कुणालाच कारण सांगता आलं नाही, तर मात्र स्वतः हात लांब करून लावून टाकायचे.

कोल्हापुरात समुद्र नाही, बंदर नाही. तरी आमच्याकडे पोर्टमास्तर होते. हे नाव आमच्या हेडक्लार्कनं थट्टेनं पाडलं, कारण हा माणूस दिवसभर 'पोर्ट' या शब्दाशिवाय दुसरं काही बोलायचा नाही. वर्षभरात थट्टा संपली आणि नाव राहिलं. पुढे शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना मास्तरच म्हणू लागले, आणि ते कधी कुठल्या शाळेवर नव्हते हेही लोक विसरून गेले.

मी तेव्हा एका शिक्षणसंस्थेच्या परीक्षा विभागात वरिष्ठ लिपिक होते. बाहेरून परीक्षा देणाऱ्यांसाठी आमच्या संस्थेच्या बऱ्याच पदविका होत्या. मास्तर नव्वदच्या सुमारास तिथं वायरमन म्हणून लागले. शिक्षण आयटीआय. गडमुडशिंगीहून रोज सायकलवर यायचे. पुढे संस्थेत टेलिफोनचा नवा बोर्ड आला. त्यावर बसायला कुणी तयार होईना, तेव्हा मास्तरांना बसवलं. मग संगणक आले. इमारतभर केबल ओढायचं काम अर्थातच त्यांच्याकडे आलं. ती ओढून झाल्यावर कंत्राटदाराची माणसं निघून गेली, पण मास्तर संगणकाच्या खोलीतून हलेनात. साहेबांनी विचारलं, "तुमचं काम झालं ना?" तर म्हणाले, "वायर मी ओढली. आता तिच्यातनं काय जातंय त्ये मला नको कळाय?"

कळून घ्यायला त्यांना दोन वर्षं लागली. मशीनबरोबर आलेली इंग्रजी जाडजूड पुस्तकं ते घरी न्यायचे. एकदा संक्रांतीला मी त्यांच्या घरी गेले होते. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली फळीवर शब्दकोश आणि ती पुस्तकं, शेजारी दोनशे पानी वही. वहीत डावीकडे इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिलेला, उजवीकडे त्यांचा स्वतःचा अर्थ. 'पोर्ट' या शब्दापुढे लिहिलं होतं : "दाराचा नंबर. घर एक, दारं हजारो. कुठल्या कामाला कुठलं दार, ते ठरलेलं." वहिनी चहा देता देता म्हणाल्या, "ताई, तुमीच सांगा ह्यास्नी. घरातली समदी दारं लावून बसत्यात, आन् वर मलाच इचारत्यात, एवढं उकडतंय कशानं?"

संस्थेनं पहिल्या वर्षी निकाल इंटरनेटवर लावला, तेव्हा तो दाखवणारं मशीन, म्हणजे सर्व्हर, अर्ध्या तासात आडवं झालं. पुढच्या वर्षी दोन सर्व्हर आले. बाहेरून बघणाऱ्याला पत्ता एकच, पण आत काम वाटून घेणारे दोघं. हे वाटप कसं करायचं याचे नियम पोर्टागणिक भरावे लागत, आणि पुण्याच्या कंपनीचा इंजिनिअर ते भरत असताना मास्तर त्याच्या खुर्चीमागे दोन दिवस उभे होते. तो गेल्यावर त्यांनी मला सगळं समजावलं. मी विचारलं होतं म्हणून नव्हे, माझं टेबल त्या खोलीच्या दाराशी होतं म्हणून.

"ऐंशी नंबरचं दार निसतं बघायचं. निकाल बघाय कोनबी येऊ दे, दोघांतला कुठलाबी त्येला दाखवंल. चारशे त्रेचाळीस नंबरचं दार कुलपाचं. तितं पोरं आपला नंबर, पासवर्ड घालून फारम भरत्यात. तितं नियम येगळा. ज्येनं एकदा हात धरला, त्येनंच शेवटपातूर न्यायचं. मधीच दुसऱ्याकडं दिलं, तर दुसरा म्हननार, तुमी कोन पावणं?"

"आणि बाकीची दारं?"

"बंद. काम न्हाय तर दार न्हाय."

रोज सकाळी सव्वादहाला, चहाच्या आधी, ते दोन्ही मशीनवर उघड्या पोर्टांची यादी काढायचे आणि वहीत उतरवून घ्यायचे. कुठलं दार उघडं, त्यातून आत्ता किती जण आत आहेत, दोन्ही मशीनचे नियम तंतोतंत सारखे आहेत का. एकदा यादीत एक अनोळखी नंबर निघाला. तीन दिवस ते दार कुणासाठी उघडं आहे याचा त्यांनी माग काढला. शेवटी कळलं की पुण्याचा इंजिनिअर आपल्या सोयीसाठी ते ठेवून गेला होता आणि मनात येईल तेव्हा तिथून आमच्या मशीनमध्ये डोकावत होता. मास्तरांनी ते बंद केलं. इंजिनिअरचा चिडून फोन आला, तेव्हा त्याला शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमाला यायचं आसंल तर फोन करा. मी उघडतो, काम झालं की लावतो. न सांगता पावणा आला तर घरच्यांनी काय समजायचं?"

या सगळ्याकडे मी आधी गंमत म्हणून बघत होते. हळूहळू मलाही त्या यादीची ओढ लागली. आपण इथं कोल्हापुरात बसलोय आणि कुठल्या कुठल्या गावातली माणसं आत्ता, या क्षणाला, आपल्या दारातून आत येतायत, हे आकड्यांत दिसायचं. मास्तरांचा एक दंडक मात्र होता. किती जण आहेत ते बघायचं, कोण आहेत ते कामाशिवाय बघायचं नाही. मीही पुढे तो पाळला. एकदा सोडून.

ज्या वर्षी फेरतपासणीचे अर्ज पहिल्यांदा इंटरनेटवर घेतले, त्या वर्षी शेवटच्या आठवड्यात फोन सुरू झाले. सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच. लॉगिन होतंय, पहिलं पान भरलं जातंय, पण दुसऱ्या पानावर गेलं की मशीन पुन्हा लॉगिन मागतंय. साहेब म्हणाले, "मुलांना अजून सवय नाही. नेट पण स्लो आहे." पुण्याच्या कंपनीनं कळवलं की लोड वाढलाय, तिसरा सर्व्हर घ्या. मास्तरांनी मला सांगितलं, "ताई, फोन आला की फक्त एवढं इचारा. कुठल्या गावातनं बोलताय? नेटकॅफेतनं का घरनं? आनि कितव्या पानावर भाईर पडला?"

दोन दिवसांनी मी त्यांच्यापुढे यादी ठेवली. ती पाहून ते कितीतरी वेळ पेन कानावर टेकवत बसले. गारगोटी, गारगोटी, गारगोटी. मग आसपासची दोनतीन गावं. पुन्हा गारगोटी. कोल्हापुरातून एकही तक्रार नव्हती.

"चूक पोरांची आसंल," ते म्हणाले, "तर ती गाव बघून कशी काय हुईल ओ?"

दुसऱ्या दिवशी अर्जांची मुदत संध्याकाळी पाचला संपत होती. मास्तरांनी रजा टाकली आणि सकाळच्या एसटीनं गारगोटीला गेले. साहेबांना सांगितलं नाही. मला म्हणाले, "तुमी मशीनपुढं बसा. मी तितनं फोन करतो."

साडेबाराला फोन आला. ते एका नेटकॅफेत बसले होते, आणि त्यांच्या शेजारी एक मुलगी होती. बालवाडी शिक्षिकेच्या पदविकेची. एका पेपरात थोडक्यात राहिली होती. गावातल्या बालवाडीत तिला जागा मिळणार होती, पण पास झाली तरच. तीन दिवस ती रोज येऊन तोच फॉर्म भरत होती आणि रोज दुसऱ्या पानावर बाहेर फेकली जात होती. फोनवर मला तिचा आवाज ऐकू आला. "काका, माझंच कायतरी चुकतंय का?"

"न्हाय बाळ," मास्तर म्हणाले. "तुजं कायबी चुकत न्हाय. आमचं काय चुकतंय त्ये बघायला मी आलोय." मग मला म्हणाले, "ताई, आता ती लॉगिन करती. बघा, कुठल्या पत्त्यावरनं आली आनि कुनाकडं गेली."

मी पडद्यावर बघत होते. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाचा पत्ता म्हणजे टिंबांनी तोडलेली चार आकड्यांची एक रांग असते. "आली. शेवटचा आकडा सतरा. पहिल्या सर्व्हरवर."

"बरं. आता ती दुसऱ्या पानावर जाती."

एक नवी ओळ उमटली. मी ती दोनदा वाचली. "मास्तर, आता शेवटचा आकडा बावीस आहे. आणि ती दुसऱ्या सर्व्हरवर गेलीय."

"बाकीचे तीन आकडे?"

"तेच आहेत."

पलीकडे मास्तर मोठ्यानं हसले. इतके मोकळे हसताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "घावलं!" ते म्हणाले. "ह्या कॅफेचं नेट ज्या कंपनीचं हाय, तिला भाईर पडायला दोनतीन वाटा असनार. पोरगी एकच, पर एकदा ह्या वाटंनं येती, एकदा त्या वाटंनं. आपल्या नियमात लिवलंय, पत्ता त्योच तर मानूस त्योच. पत्ता बदलला की आपन तिला दुसरीच समजतोय."

सर्व्हरच्या नियमात एक सोय होती. पूर्ण पत्ता न बघता पहिले तीन आकडे जुळले, तरी माणूस तोच धरायचा. फक्त ती सोय निवडायची होती, दोन्ही सर्व्हरवर. आणि ते काम आता मला करायचं होतं. तोपर्यंत मी पडद्यावरच्या त्या नियमांच्या खिडकीला कधी हात लावला नव्हता. साहेब संचालकांच्या बैठकीत होते.

"मास्तर, काही बिघडलं तर?"

"आत हाईत त्यातल्या दोघातिघांना परत यायला लागंल, तेवढंच. करा."

मी पहिल्या सर्व्हरवर नियम बदलला. लगेच पडद्यावर दोन्ही सर्व्हरची नावं एकमेकांपासून तुटल्यासारखी दिसू लागली, जुळणी होत नाही असा इशारा आला. मी काय दिसतंय ते सांगितलं. मास्तरांचा आवाज जरासुद्धा बदलला नाही. "बरोबर हाय. एकाचा नियम नवा, एकाचा जुना. दोघांचं एकमत झाल्याबिगर ती एकत्र काम करत न्हाईत. भिऊ नका. आता दुसऱ्यावर तस्संच करा."

मी केलं. दहा-पंधरा सेकंद गेले असतील. मग दोन्ही नावं पुन्हा एका रांगेत आली. "जुळलं," मी म्हणाले.

पलीकडे कळफलकाची टकटक ऐकू येत होती. एक पान. दुसरं पान. मग मुलीचा आवाज आला, "काका, पावती आली! नंबर पन आलाय!" कॅफेवाला काहीतरी ओरडला. मास्तर तिला म्हणत होते, "आदी प्रिंट काड. मग नाच."

ते चार वाजता कोल्हापूरला परतले आणि थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेले. त्यांना मुदतवाढ हवी होती. अर्ध्यावर बाहेर पडलेल्यांच्या नोंदी त्यांनी फोनवरूनच मला कागदावर काढून ठेवायला सांगितल्या होत्या. "साहेब, ही पोरं दारापातूर आलती. आपनच त्यास्नी भाईर काडलं. आता त्यास्नी कुठनं ठावं आसनार, की दार दुरुस्त झालंय?"

"म्हणजे संस्थेची चूक आहे असं मी लेखी देऊ?" साहेब म्हणाले. "कोण जबाबदारी घेणार?"

मास्तर बाहेर आले. माझ्याच टेबलावर बसून त्यांनी एक कागद लिहिला. त्यांची भाषा कार्यालयीन नव्हती, मला ती जशीच्या तशी आठवते. "नियम लागू केल्यावर मी तपासणी फक्त या इमारतीतून केली. बाहेरगावाहून केली नाही. चूक माझी आहे. मुलांची नाही." नियम पुण्याच्या इंजिनिअरनं भरले होते. मी तसं म्हणाले. तर म्हणाले, "भरलं त्येनं. पर रोज सकाळी बगत हुतो मी."

त्या कागदावर तीन दिवसांची मुदतवाढ मिळाली. आम्ही दोघांनी नोंदी बघून, केंद्रांना फोन करून, अर्ध्यावर राहिलेल्या मुलांना निरोप धाडले. जवळजवळ सगळे अर्ज आले. त्या मुलीचे गुण फेरतपासणीत वाढले का, ते मला माहीत नाही. मास्तरांनी विचारू दिलं नाही. म्हणाले, "वाढलं न्हाईत आसं कळलं तर तुमी चार दिस जेवायच्या न्हाई."

त्याच कागदाच्या आधारे पुढच्या महिन्यात मास्तरांची विद्युत विभागात रवानगी झाली. संगणकाच्या खोलीची किल्ली माझ्याकडे आली. मला फार अवघडल्यासारखं झालं होतं. ते मात्र किल्ली देताना म्हणाले, "बरं झालं. न्हायतर ह्ये तुमाला नीट कधी आलं आसतं?" पुढची दोन वर्षं ते त्या खोलीत आले नाहीत. बोलावलं नव्हतं म्हणून आले नाहीत, रुसवा नव्हता. मी जेवणाच्या सुट्टीत वही घेऊन मीटरच्या खोलीत जायची. ते डबा बाजूला सारून एकेक आकडा वाचायचे आणि प्रश्न विचारून विचारून मला भंडावून सोडायचे.

ते निवृत्त झाले त्याच दिवशी आमचा जुना सर्व्हर काढून त्या जागी नवा बसवायचा होता. नवे साहेब आले होते, मास्तरांना खोलीत बोलवायला त्यांची ना नव्हती. मी मास्तरांना बोलावणं पाठवलं. दुपारी तीनला ते आले. नवा पांढरा शर्ट, कडक इस्त्री. समारंभ चारला सभागृहात होता.

जोडीतला एक सर्व्हर काढताना तो तडकन बंद करायचा नसतो. एक आज्ञा असते, तिच्यानं तो नवीन कुणाला घेत नाही, पण जे आधीच आत आहेत त्यांचं काम पुरं होऊ देतो. मी ती दिली. आत एकेचाळीस जण होते. मास्तर स्टूल ओढून पडद्यापुढे बसले. आकडा उतरत गेला. तीस. अठरा. सात. पावणेचारला एक उरला, आणि तिथंच थांबला.

चार वाजले. शिपाई बोलवायला आला. मास्तर म्हणाले, "आलोच." सव्वाचारला हेडक्लार्क स्वतः आले. "अहो मास्तर, हार सुकायला लागले. एकाच माणसाचा प्रश्न आहे ना? बंद करा, तो परत येईल."

"का म्हनून यावं त्येनं परत? त्यो आपल्या आधीपासनं आत हाय." मास्तर पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. मग मला, "फारम भरतंय बगा. दर दोन मिनिटानं जरा हालतंय. एका बोटानं टायपत असनार."

आम्ही दोघं त्या एका आकड्याकडे बघत बसलो. सभागृहातून माईक तपासल्याचा आवाज येत होता. मास्तर अंदाज बांधत होते. चष्मा विसरलेला माणूस असेल. नाहीतर नुकतंच कुणीतरी शिकवून गेलं असेल. चार पस्तीसला आकडा शून्य झाला. त्यांनी स्वतः उठून मशीन बंद केलं, तोंडावरून रुमाल फिरवला आणि म्हणाले, "चला. लोकं खोळंबल्यात."

भाषणं काय झाली ते मला आठवत नाही. आठवतं ते इतकंच, की हार घालून घेताना त्यांचं लक्ष नव्हतं.

त्या संध्याकाळी मी दंडक मोडला. नोंदी उघडल्या आणि शेवटचं कोण होतं ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांच्या घरी फोन लावला. एक रिंगही पुरती वाजली नाही.

"कोन हुतं ओ त्ये?" मी कोण बोलतेय हेही न विचारता पलीकडून आवाज आला.

"नाव सांगणार नाही."

"नगाच सांगू. फारम पोचला का?"

"पोचला. नृसिंहवाडीच्या एक बाई आहेत. पाली भाषेची पदविका, भाग एक. जन्मसाल बघितलं, तुमच्याच वयाच्या आहेत."

वहिनी लांबून काहीतरी विचारत होत्या, त्यांना मास्तर 'थांब वाईच' म्हणाले. मग वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

"ताई," ते म्हणाले, "त्या फारमची शेवटची तारीख कवा हाय ओ?"